स्टेडियमची जागा आणि शेजाऱ्यांची संमती

अमेरिकेतील विद्यापीठांविषयी आपल्या वर्तमानपत्रांतून जे लिहून येते ते बहुतेक प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्त्या आणि व्हिसा यांच्यापुरतेच असते, आणि ज्यांची मुले तिकडे शिकावयास गेली आहेत त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या विद्यापीठांच्या नियामक मंडळांपुढे येणाऱ्या ज्या प्रश्नांवरून अध्यापक अध्यक्षांशी, माजी विद्यार्थी आजी विद्यार्थ्यांशी आणि गावचे गाव विद्यापीठाशी हमरीतुमरीवर आलेले आहे, त्यांत फुटबॉलचे नवे स्टेडियम नेमके कोठे उभारावे हा प्रश्न फार वरच्या मानाचा आहे. त्याच्या निमित्ताने सार्वजनिक जमीन, सार्वजनिक कर्ज आणि शेजारधर्म या तिन्हींची अशी कसोटी लागते की, ज्याला खेळात काडीचेही स्वारस्य नाही अशा माणसानेही तिकडे लक्ष पुरवावे. या वादातील माझे मत आरंभीच सांगतो. विद्यापीठाला स्टेडियम बांधावयाचेच असेल, तर ते विद्यार्थ्यांना पायी जाता येईल अशा ठिकाणी, म्हणजे विद्यापीठाच्या आवारात किंवा त्याला लागून असावे. मात्र ज्यांच्या दारापुढून ती गर्दी जावयाची त्यांची संमती घेतल्यावाचून, आणि जुन्या जागेची पुढची व्यवस्था काय हे त्याच ठरावात नमूद केल्यावाचून, त्या जागेवर पहिली कुदळ मारण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठास असू नये.

ज्या खेळासाठी हे सारे चालते तो कोल्हापूरच्या तालमी ज्या ईर्षेने खेळतात तो फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू छातीशी धरून, शिरस्त्राणे आणि खांद्यांवर कवचे चढवून, प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे सरकावयाचा तो अमेरिकन फुटबॉल. सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत बहुतेक शनिवारी त्याचे सामने होतात, आणि त्यांपैकी स्वतःच्या मैदानावर होणारे सामने वर्षाकाठी सहा किंवा सात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती आहे. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या १९२७ साली उघडलेल्या स्टेडियमात आज एका वेळी एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. त्याहून लहान अशी तीस-चाळीस हजारांची स्टेडियमेही अनेक विद्यापीठांत आहेत. सामन्याच्या कित्येक तास आधी लोक मोटारींच्या मागच्या फळ्या उघडून, शेगड्या पेटवून, खाणेपिणे आणि गप्पागोष्टी करीत बसतात. बँडपथक वाजतगाजत मैदानाकडे निघते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पदवी घेतलेले गृहस्थ नातवंडांना विद्यापीठाच्या रंगाचे सदरे घालून हाताशी धरून आणतात. जे विद्यापीठ एरवी आपल्या भिंतींच्या आत असते ते त्या दिवशी सगळ्या मुलखाचे होते, आणि या आनंदाला कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. प्रश्न इतकाच की, वर्षातले सहा-सात दिवस भरणारी आणि उरलेले साडेतीनशेहून अधिक दिवस रिकामी राहणारी एवढी अवाढव्य वास्तू कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या शेजारी उभी करावयाची.

हा प्रश्न तेथे नवा नाही. १९०३ साली हार्वर्ड विद्यापीठाने चार्ल्स नदीच्या पलीकडे, बॉस्टनच्या हद्दीत, प्रबलित काँक्रीटचे स्टेडियम बांधले, आणि अमेरिकेतील कायमस्वरूपी क्रीडावास्तूंचा काळ तेथून सुरू झाला. पुढे दोन-तीन वर्षांतच या खेळातील जीवघेण्या दुखापतींनी देश हादरला आणि नियम बदलणे भाग पडले, तेव्हा मैदान अधिक रुंद करावे अशीही एक सूचना पुढे आली होती. परंतु हार्वर्डच्या त्या काँक्रीटच्या ओळी मागे सरकविणे अशक्य असल्यामुळे ती मागे पडली, आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्यात आली. जे बांधकाम खेळाच्या नियमांनाही आपल्या मापात बसवावयास लावते, ते आपल्या सभोवतालच्या वस्तीला तसे केल्यावाचून राहील, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. पहिल्या महायुद्धानंतर अनेक विद्यापीठांनी युद्धात कामी आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ आवारातच स्टेडियमे उभारली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटारी आल्या, आवारातील प्रत्येक वाव जमीन प्रयोगशाळांना आणि वसतिगृहांना हवीशी झाली, आणि गावाबाहेरच्या स्वस्त माळावर मोटारतळांसह मोठे स्टेडियम बांधणे हेच शहाणपणाचे असे कारभाऱ्यांना वाटू लागले. गेल्या पंचवीसएक वर्षांत वारे पुन्हा उलटे फिरले असून, गावाबाहेर गेलेला खेळ आवारात परत आणण्याची खटपट ठिकठिकाणी चालू आहे.

या सर्व आवर्तनाचे संपूर्ण दर्शन ज्या एका गावात घडते त्याचे नाव फोर्ट कॉलिन्स. कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या या गावी कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिचा आरंभ १८७० साली कृषी महाविद्यालय म्हणून झाला, म्हणजे कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळण्याच्याही सहा वर्षे आधी. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी द्याव्यात आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालवावीत अशी जी तजवीज झाली, तिच्यातून वाढलेल्या संस्थांपैकी ही एक. मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच परका वाटू नये, कारण स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे निघालेल्या कृषी विद्यापीठांची घडण बऱ्याच अंशी याच अमेरिकन नमुन्यावर झालेली आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले ते त्याच विचारातून. जमीन हेच ज्या संस्थेचे मूळ भांडवल, तिने जमिनीचा प्रत्येक फेरफार विश्वस्ताच्या सावधगिरीने करावयास हवा, हे राहुरीच्या किंवा अकोल्याच्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

फोर्ट कॉलिन्सचे विद्यार्थी १९१२ पासून आवारातल्या कोलोरॅडो फील्ड या मैदानावर खेळत असत. १९६८ मध्ये तो खेळ गावाच्या पश्चिमेस तीन-चार मैलांवर, हॉर्सटूथ जलाशयाखालच्या टेकड्यांच्या कुशीत नव्याने बांधलेल्या ह्यूज स्टेडियमात गेला. १९११ पासून तीस वर्षे संघाचे शिक्षक असलेल्या हॅरी ह्यूज यांचे नाव त्यास देण्यात आले. त्या स्टेडियमाच्या माथ्यावरच्या टेकडीवर एक प्रचंड 'ए' हे अक्षर आहे, ॲगीज म्हणजे शेतकी महाविद्यालयाचे विद्यार्थी या जुन्या नावाचे. १९२३ पासून विद्यार्थी चुन्याच्या बादल्या घेऊन टेकडी चढतात आणि ते पुन्हा पांढरे करतात, आणि गावात शिरणाऱ्याला ते दुरून दिसते. तेथील सामन्यांचा थाट काही वेगळाच होता. मोटारी उभ्या करावयाला गवताळ माळ, मागे डोंगर, संध्याकाळी त्या डोंगराआड जाणारा सूर्य. ज्यांनी चाळीस-पन्नास शरद्ऋतू तेथे काढले त्यांना ते स्थळ सोडवेना यात नवल ते काय? स्टेडियम हलविण्यास विरोध करणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरविण्याचा जो मोह पुरस्कर्त्यांना झाला तो मला अनुचित वाटतो. एखाद्या जागेवर दोन पिढ्यांचा जीव जडणे हीसुद्धा त्या जागेची एक वहिवाट आहे, आणि तिचा मान राखूनच पुढचा विचार व्हावयास हवा.

तरीही २०१२ साली अध्यक्ष टोनी फ्रँक यांनी स्टेडियम आवारात आणण्याचा प्रस्ताव मांडला, त्यातील मूळ विचार मला ग्राह्य वाटतो. ह्यूज स्टेडियम जुने झाले होते व त्याच्या दुरुस्तीला मोठा खर्च होता, ही कारणे आहेतच. परंतु सर्वांत वजनदार कारण विद्यार्थ्यांचे आहे. गावाबाहेरच्या मैदानाला मोटार लागते, आणि ज्याच्याजवळ मोटार नाही तो बसच्या वेळांचा बांधील होतो. मुंबई-पुण्याहून किंवा सोलापूर-नांदेडहून उच्च शिक्षणासाठी तेथे गेलेल्या मुलाजवळ पहिल्या वर्षी मोटार बहुधा नसतेच. विद्यापीठाच्या सार्वजनिक जीवनात शिरण्याचा त्याचा मार्ग पायवाटेचा असतो. ग्रंथालयातून उठून दहा मिनिटांत ज्या ठिकाणी पोहोचता येते तेथे तो जाईल, आणि आपल्या वर्गातील कोलोरॅडोच्या मुलाशेजारी बसून एका अगम्य खेळाचे नियम शिकून घेईल. तीन-चार मैलांवरच्या माळावर जाण्याची खटपट करणारे त्याच्यासारखे थोडेच. विद्यापीठाचे स्टेडियम हे जर विद्यार्थ्यांसाठी असेल, तर त्याचे अंतर विद्यार्थ्याच्या पावलांनीच मोजले पाहिजे.

कनेक्टिकट विद्यापीठाने याच्या उलट केले. त्याचे मुख्य आवार स्टॉर्स या खेड्यात, आणि २००३ साली उघडलेले त्याचे फुटबॉल स्टेडियम वीस मैलांहून दूर ईस्ट हार्टफर्ड येथे, एका जुन्या विमानतळाच्या जागेवर. वीस मैलांवरचे स्टेडियम कागदोपत्री विद्यापीठाचे असले, तरी विद्यापीठाच्या दिनक्रमात त्याला स्थान राहत नाही.

फोर्ट कॉलिन्समध्ये जागा आवाराच्या दक्षिण भागातली ठरली. आणि येथेच विषय कठीण झाला. ती जागा मोकळा माळ नव्हती. तेथे उद्यानविद्येच्या विभागाची काचघरे होती, संशोधनाची रोपे आणि वाफे होते, आणि पलीकडे रस्ता ओलांडला की लोकांची घरे होती. कृषी महाविद्यालय म्हणून जन्मास आलेल्या संस्थेने आपल्या काचघरांवर स्टेडियम बांधावे, या कल्पनेने तेथील अनेकांचे मन दुखावले, आणि ते दुखावणे रास्त होते. ज्याने एखाद्या जातीच्या रोपाची वर्षानुवर्षे निवड केली आहे त्याला दुसरीकडे नवे काचघर मिळाले म्हणजे सारे जसेच्या तसे मिळाले असे होत नाही. माती, सावली, वाऱ्याची दिशा आणि नोंदवह्यांतील सलगता यांची भरपाई सिमेंटपत्र्याने होत नसते. विद्यापीठाने उद्यानविद्येसाठी नवे केंद्र अन्यत्र बांधले हे खरे, आणि त्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. पण नियम म्हणून सांगावयाचे तर शिकविण्याच्या जमिनीचा क्रम नेहमी आधी लागावा आणि स्टेडियमाचा नंतर. आवारात मोटारतळांनी व्यापलेली जमीन काही थोडी नसते, तिच्यावर प्रथम दृष्टी टाकावी.

पैशाची कथा याहून बोधप्रद आहे. आरंभी नियामक मंडळाने अशी अट घातली की, खर्चाच्या निम्मी रक्कम खाजगी देणग्यांतून उभी राहिली तरच पुढे जावयाचे. ठरलेल्या मुदतीत तेवढ्या देणग्या जमल्या नाहीत. माझ्या मते देणगीदारांनी आपल्या मौनाने एक प्रकारचे मतदानच केले होते, आणि ते वाचून प्रस्ताव निदान काही वर्षे तहकूब ठेवणे हे मंडळाचे कर्तव्य होते. त्याऐवजी डिसेंबर २०१४ मध्ये मंडळाने कर्जरोखे काढून बांधण्यास मंजुरी दिली, आणि २०१५ साली सुमारे २४ कोटी डॉलरचे रोखे निघाले. परतफेड स्टेडियमच्या उत्पन्नातून होईल, विद्यार्थ्यांच्या शुल्काला हात लागणार नाही, असे आश्वासन अध्यक्षांनी दिले होते. अशा आश्वासनाचे मोल संघाच्या जयापजयाशी बांधलेले असते. सामने जिंकले की तिकिटे खपतात, दालने भाड्याने जातात. हरले की ओळी रिकाम्या पडतात, परंतु रोख्यांच्या हप्त्याची तारीख पुढे ढकलता येत नाही. रोखे दशकानुदशके फेडावयाचे, आणि ज्या अध्यक्षांनी वा मंडळाने सही केली ते तोपर्यंत त्या खुर्चीवर नसतात.

सुमारे २२ कोटी डॉलर खर्चून बांधलेले हे स्टेडियम २६ ऑगस्ट २०१७ रोजी उघडले, आणि त्या दिवशी यजमानांनी ओरेगन स्टेटचा ५८ विरुद्ध २७ असा पराभव केला. त्याच्या बांधणीत मला एक गोष्ट मनापासून आवडते. माजी विद्यार्थ्यांचे केंद्र आणि विद्यार्थ्यांना अभ्यासाचे मार्गदर्शन देणारी कार्यालये त्याच इमारतीत घेतलेली आहेत, म्हणजे वर्षातल्या ज्या साडेतीनशे दिवसांचा उल्लेख वर आला त्यांचा काही हिशेब तेथे मांडलेला आहे. आवाराच्या पूर्व कडेने २०१४ पासून मॅक्स ही जलद बससेवा धावते, तिचाही उपयोग होतो. गावाबाहेरच्या माळावर ही जोड शक्यच नव्हती, कारण अभ्यासाविषयी सल्ला घ्यावयाला तीन-चार मैल कोण जाणार?

परंतु ज्या पद्धतीने हे सारे ठरले ती पद्धत सदोष होती, आणि त्याचा पुरावा नव्या स्टेडियमात सापडत नाही, जुन्याच्या जागेवर सापडतो. राज्याच्या विद्यापीठाच्या जमिनीवर नगरपालिकेचे नियंत्रण चालत नाही. ती फार तर आपला अभिप्राय कळवू शकते. त्यामुळे ज्या रस्त्यांवरून हजारो मोटारी जावयाच्या, ज्या घरांच्या खिडक्यांवर ध्वनिक्षेपक आदळावयाचे, त्या रस्त्यांच्या आणि घरांच्या मालकांना स्टेडियमाच्या जागेविषयी निर्णायक मत देण्याची संधी आली नाही. वाहतूक, गोंगाट आणि मोटारतळ यांविषयी विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्यात करारनामा झाला खरा. पण तो जागा पक्की झाल्यानंतर. ज्याला नकार देण्याचा अधिकार उरलेला नाही त्याने केलेली घासाघीस ही विनवणीच असते.

इकडे ह्यूज स्टेडियम २०१८ मध्ये पाडण्यात आले, आणि टेकडीखालची सुमारे १६५ एकर जमीन मोकळी झाली. विद्यापीठाने ती एका मोठ्या गृहबांधणी कंपनीस विकून तेथे शेकडो घरे होऊ देण्याचा इरादा धरला. आता गावाने नकार दिला. ज्या उतारावर मुले हिवाळ्यात घसरगाड्या घेऊन येत, ज्या माळावर लोक चकतीचा खेळ खेळत आणि फिरावयास जात, तो माळ मोकळाच राहिला पाहिजे म्हणून नागरिकांनी सह्या गोळा केल्या, प्रश्न मतपत्रिकेवर आणला, आणि एप्रिल २०२१ मध्ये दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. ही भूमी मुळात ज्या अरापाहो, शायेन आणि यूट लोकांची, त्यांच्यापैकी काहींनी ती आपल्या हाती सोपवावी अशीही मागणी या काळात केली. ज्या कायद्याने या विद्यापीठाला जन्म दिला त्या कायद्याच्या जमिनी कोठून आल्या हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला, आणि तो उभा राहणे न्याय्यच होते. अखेर २०२३ साली नगरपालिकेने ती जमीन सव्वा कोटी डॉलर देऊन खरेदी केली. एका सार्वजनिक संस्थेने दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला लोकांचीच जमीन लोकांच्याच कराच्या पैशाने विकली, आणि मध्यंतरी वर्षांमागून वर्षे गेली.

मिनेसोटा विद्यापीठाची हकीकत वेगळ्या तऱ्हेने शिकविणारी आहे. त्याचे १९२४ सालचे विटांचे मेमोरियल स्टेडियम मिनियापोलिसच्या आवारात होते. १९८२ मध्ये विद्यापीठाने ते सोडले आणि शहराच्या मध्यभागी व्यावसायिक संघांसाठी बांधलेल्या, फुगविलेल्या कापडी छताच्या मेट्रोडोममध्ये भाडेकरू म्हणून जाऊन राहिले. दहा वर्षांनी जुनी वास्तू पाडण्यातही आली. छताखाली थंडीवाऱ्याचा त्रास नव्हता, परंतु दुसऱ्याच्या घरात आपल्या सोयीच्या वेळा मिळत नाहीत आणि विद्यार्थी नदी ओलांडून तेथवर जाण्यास राजी नसतात, हे पंचवीस वर्षांत कळून चुकले. २००६ साली विधिमंडळाने नव्या स्टेडियमास मंजुरी दिली. त्यात राज्याने वर्षाला १ कोटी २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत भार उचलावा, विद्यापीठाने त्याच्या बदल्यात रोझमाउंट येथील आपली २,८४० एकर जमीन राज्याच्या नावे करून देण्याचे कबूल करावे, आणि विद्यार्थ्यांवर प्रत्येक सत्रास साडेबारा डॉलर आकार बसावा, असा सौदा होता. आकार मुळात याच्या दुप्पट सुचविला गेला होता, तो चर्चेअंती उतरविला गेला. १२ सप्टेंबर २००९ रोजी आवारातील पन्नास हजारांचे नवे स्टेडियम उघडले. आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात बर्फाच्या भाराने मेट्रोडोमचे छत फाटून खाली आले, तेव्हा ज्यांच्या घरात विद्यापीठ भाड्याने राहिले होते त्या व्यावसायिक संघालाच विद्यापीठाच्या मैदानाचा आश्रय घ्यावा लागला. या सौद्यातील प्रत्येक कलम मला मान्य आहे असे नाही. ज्याला आयुष्यात एकही सामना पाहावयाचा नाही अशा परदेशी विद्यार्थ्याकडूनही साडेबारा डॉलर वसूल करावेत हे मला पटत नाही. पण निदान कोणाकडून किती आणि कशाच्या बदल्यात, हे लोकप्रतिनिधींच्या सभागृहात उघड बोलले गेले, आणि ठाण्यातील किंवा नाशिकमधील पालकाच्या हाती शुल्काची जी पावती येते तीतली एक ओळ कोठून आली हे शोधावयाला सरकारी दप्तर उपलब्ध राहिले.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाला मात्र आवारातील स्टेडियम बांधता आले नाही, आणि ते बांधले गेले नाही हेच योग्य झाले असे मी म्हणतो. टेंपलचा संघ शहराच्या दक्षिण टोकास, ईगल्स या व्यावसायिक संघाच्या मैदानात भाड्याने खेळतो, आणि भाडे वाढत चालले होते. म्हणून २०१५ च्या सुमारास उत्तर फिलाडेल्फियातील आवारात, ब्रॉड स्ट्रीटच्या जवळ, ३५ हजारांचे स्टेडियम बांधावयाचा बेत पुढे आला. अंतराच्या माझ्या पहिल्या कसोटीवर ही जागा निर्दोष होती. पण ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या, बेताच्या उत्पन्नाच्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेल्या वस्तीच्या उंबरठ्यावर होती, आणि तिच्यासाठी एका सार्वजनिक रस्त्याचा भाग बंद करावा लागणार होता. विद्यापीठाच्या विस्तारामुळे घरभाडी चढलेली आणि विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरांनी जुनी घरे गिळलेली त्या वस्तीने अगोदरच पाहिली होती. रहिवासी, विद्यार्थी आणि काही अध्यापक एकत्र आले. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठाने बोलाविलेली जाहीर सभा विरोधकांच्या घोषणांमुळे पुरी होऊ शकली नाही. नगर परिषदेत पाठिंबा मिळेना, आणि बेत मागे पडला. सभा उधळणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु आराखडा काढून, आकडा जाहीर करून, सगळे झाल्यावर जेव्हा लोकांना 'तुमचे म्हणणे मांडा' असे सांगितले जाते, तेव्हा मांडावयाला त्यांच्याजवळ रागाखेरीज फारसे काही ठेवलेले नसते, हेही तितकेच खरे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, शेजाऱ्यांच्या संमतीची अट घातली तर कोणतेही सार्वजनिक काम पुरे होणार नाही, कारण आपल्या दारात गर्दी कोणालाच नको असते. रुग्णालय, जलशुद्धीकरण केंद्र, रेल्वे यांच्या बाबतीत हा आक्षेप मी मान्य करीन. तेथे थोड्यांच्या गैरसोयीपुढे सर्वांची निकड मोठी असते. वर्षातून सहा-सात दिवस चालणाऱ्या करमणुकीला ती निकड लागू पडत नाही. शहराची भरभराट होईल असा जो युक्तिवाद प्रत्येक वेळी पुढे केला जातो त्यालाही फारसा आधार नाही. सरकारी पैशाने बांधलेल्या स्टेडियमांवर अर्थशास्त्रज्ञांनी गेली कित्येक दशके जो अभ्यास केला आहे त्याचा झोक एकाच बाजूला आहे: माणूस सामन्याच्या दिवशी जो पैसा खर्च करतो तो बहुतांशी त्याच गावात दुसऱ्या कोठेतरी खर्च झालाच असता, आणि नव्याने पडणारी भर खर्चाच्या मानाने अल्प असते. शिवाय लोक सरसकट नकारच देतात हेही अनुभवाला धरून नाही. आधी विचारले म्हणजे ते अटी घालतात. ध्वनिक्षेपक किती वाजता बंद व्हावयाचे, दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ते कोणी झाडावयाचे, रहिवाशांच्या मोटारींना जागा कशी राखावयाची, मैदान आठवड्यातून किती दिवस वस्तीतल्या मुलांना खुले ठेवावयाचे, या अटी जागा ठरण्याच्या आधी मान्य झाल्या तर त्या करारनाम्याचा गाभा बनतात. नंतर मान्य झाल्या तर त्या विद्यापीठाच्या मेहेरबानीवर राहतात.

म्हणून यापुढे जे विद्यापीठ स्टेडियम हलविण्याचा विचार करील त्याच्या नियामक मंडळाने एकच ठराव असा करावा की, ज्यात नव्या जागेची चतुःसीमा, तेथून उठवावयाच्या शैक्षणिक कामाची पर्यायी व्यवस्था, कर्जाची एकूण रक्कम आणि शेवटच्या हप्त्याचे वर्ष, उत्पन्न कमी पडल्यास तूट कोठून भरावयाची, विद्यार्थ्यांवरील आकार, आणि जुन्या जागेचे भवितव्य ही सर्व कलमे एकत्र असतील; आणि तो ठराव प्रभागातील मतदारांपुढे ठेवून मगच अमलात आणावा. कलमे सुटी केली की प्रत्येक कलम एकेकटे निरुपद्रवी दिसते, आणि त्यांची बेरीज करण्याचे काम कोणाकडेच राहत नाही. डिसेंबर २०१४ च्या त्या बैठकीत ह्यूजच्या माळाचेही भवितव्य नव्या स्टेडियमाबरोबरच गावापुढे मांडले गेले असते, तर आवारातील स्टेडियमास फोर्ट कॉलिन्सच्या मतदारांनी होकार दिला असता अशी माझी समजूत आहे, कारण त्याच्या मोबदल्यात टेकडीखालचा मोकळा माळ त्यांना कायमचा मिळाला असता, आणि जो माळ नगरपालिकेने नऊ वर्षांनी रोकड मोजून घेतला तो त्याच करारनाम्याच्या एका कलमाने त्यांच्या नावे झाला असता.